नादारी शुल्क : माहिती अधिकारातील अर्ज (कोल्हापूर)

नादारीच्या (कर्ज फेडण्यास असमर्थ ठरण्याच्या) प्रकरणात कोणी, कोणाकडून व किती शुल्क घेतले याची शासकीय दप्तरातील नोंद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागण्याची रीत. येथे ‘शुल्क’ हा शब्द तीन वेगळ्या रकमांना लावला जातो : अर्ज दाखल करतानाची फी, प्रापकाला (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणारा, व्यवहारात ‘रिसीव्हर’) किंवा अवसायकाला (संस्था गुंडाळण्याचे काम पाहणारा) मिळणारे पारिश्रमिक, आणि नियामक संस्था आकारते ती रक्कम. तिन्हींचे कागद तीन ठिकाणी असतात. फेटाळल्या जाणाऱ्या अर्जांत बहुधा हाच घोळ आढळतो.

संज्ञा : ‘नादार’ हा फारसी शब्द, ना + दार, म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. मराठीत शाळेच्या फीमाफीलाही ‘नादारी’ म्हणत, त्यामुळे शिक्षण खात्याच्या जुन्या फायलीतील नादारी आणि न्यायालयाच्या रजिस्टरातील नादारी यांचा परस्परांशी संबंध नाही. ‘दिवाळे’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. बुडालेला व्यापारी दुकानात मोठा दिवा पेटवून ठेवी व हिशेब उलगडेपर्यंत दृष्टिआड होई, या चालीवरून तो ‘दिवा’ शब्दाशी जोडला जातो. हॉब्सन-जॉब्सन या कोशाने (१८८६) ही चाल नोंदवली आहे, पण व्युत्पत्तीबद्दल मतभेद असल्याचेही म्हटले आहे. चाल खरी असू शकेल. परंतु तीवरून शब्द पडला, की शब्दाचा अर्थ लावताना चालीला महत्त्व आले, हे ठरवणे कठीण. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. कायद्याच्या मराठीत ‘नादारी’ व ‘दिवाळखोरी’ या दोन पायऱ्या मानल्या जातात. बोलण्यात मात्र सगळेच ‘दिवाळं’.

कायद्याची चौकट : कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि विलीन संस्थानांसाठीच्या १९४९च्या कायद्याने प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० येथे लागू झाला. त्याखालील अधिकारिता मुख्यतः जिल्हा न्यायालयाची. मुंबई शहराला मात्र १९०९चा वेगळा कायदा आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ आल्यावर हे दोन्ही कायदे संपले असा समज सर्रास दिसतो, तो बरोबर नाही. संहितेचा व्यक्ती व भागीदारी संस्थांसंबंधीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता अंमलात आला. त्यामुळे उद्यमनगरातला (कोल्हापूरची औद्योगिक वसाहत) एकटा कारखानदार स्वतःच्या कर्जापायी नादार ठरवून घेऊ लागला, तर त्याची वाट १९२०च्या कायद्यानेच जाते. त्याची कंपनी असेल तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाते. तेथे वित्तीय धनकोच्या (कर्ज देणाऱ्या बँकेसारख्या) अर्जास २५,००० रुपये व व्यवहारी धनकोच्या (माल वा सेवेचे पैसे येणे असलेल्याच्या) अर्जास २,००० रुपये फी आहे. हे दर नियमांतच छापलेले असल्याने ते विचारण्यासाठी अर्ज करणे व्यर्थ. विचारण्याजोगे असते ते प्रत्यक्ष जमेचे आकडे.

न्यायालयीन अभिलेखाचा प्रश्न : १९२०च्या कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे प्रापकाचे पारिश्रमिक न्यायालय ठरवते व ते नादाराच्या मालमत्तेतून दिले जाते. हा आदेश माहिती अधिकारात मिळावा की नकलेच्या (न्यायालयाकडे प्रमाणित प्रत मागण्याच्या) अर्जाने, यावर दोन मते होती. एका मतानुसार माहितीचा कायदा त्याच्या कलम २२ मुळे इतर सर्व नियमांवर मात करतो. दुसऱ्या मतानुसार नक्कल देण्याची व्यवस्था आधीपासून असेल, तर दोहोंत विसंगतीच नाही, आणि विसंगती नसेल तर मात करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात (४ मार्च २०२०) दुसरे मत स्वीकारले. तेव्हा एखाद्या प्रकरणातील पारिश्रमिकाचा आदेश हवा असल्यास कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नकलेचा अर्ज द्यावा. वर्षभरात नादारीचे किती अर्ज आले, फीपोटी किती जमा झाले, अशी प्रशासकीय माहिती मात्र जन माहिती अधिकाऱ्याकडे मागता येते. न्यायालयांसाठी उच्च न्यायालयाचे स्वतंत्र नियम व नमुने आहेत.

सहकारी संस्था : कोल्हापुरात ‘संस्था बुडाली’ म्हटले की बहुधा पतसंस्था किंवा सूतगिरणी अभिप्रेत असते. काटेकोरपणे ही नादारी नव्हे, अवसायन होय. ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०२ व १०३ खाली चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या थलप्पालम (केरळमधील सहकारी बँक) प्रकरणातील निकालानुसार (२०१३) सहकारी संस्था सर्वसाधारणपणे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही. म्हणून अवसायकाच्या मेहनतान्याची माहिती संस्थेकडे न मागता सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मागणे श्रेयस्कर : निबंधकाला कायद्याने जी माहिती घेता येते ती माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २(च) मधील ‘माहिती’च्या व्याख्येत मोडते. ठेवीदारांची नावे व खाती त्याच अधिनियमाच्या कलम ८ च्या अपवादांत अडकू शकतात. अवसायकाला संस्थेच्या निधीतून दिलेली रक्कम त्यांत बसवणे अवघड आहे.

अर्ज : राज्य कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा विहित नमुना) व १० रुपये फी, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. २०१२ पासून अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांत हवा. केंद्रीय नियमांत मर्यादा ५०० शब्दांची आहे. तेथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरणा चालतो. सवयीने न्यायाधिकरणाच्या किंवा नवी दिल्लीच्या नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या अर्जावरही स्टॅम्प चिकटवला जातो आणि अर्ज परत येतो. ‘एवढी फी का घेतली?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन नाही. ‘फी आकारणीचा आदेश, पावतीची स्थळप्रत व नोंदवहीचे पान’ अशी मागणी टिकते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी माफ आहे. मात्र न्यायालयाने नादार ठरवलेली व्यक्ती तेवढ्यामुळे या सवलतीस पात्र ठरत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे, दुसरे ९० दिवसांत. राज्य कार्यालयांबाबत ते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जाते. विलंबास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्याने आयोगाच्या आदेशाविरुद्धच्या रिट याचिकेसाठी जिल्ह्यातील अर्जदाराला आता मुंबई गाठावी लागू नये.