मेम्ब्रेन चोक होतं ते नुसत्या छिद्रांमुळे नाही

मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा सूक्ष्म छिद्रांचा पडदा. त्याबद्दल सांडपाणी प्रकल्पांवर वर्षानुवर्षं ऐकू येणारं वाक्य: ‘मेम्ब्रेन म्हणजे चाळणीच. भोकं मोठी घ्या, चोक होणार नाही.’ चाळणीपुरतं ठीक. पण इथे अडतं ते बरंचसं चिकटण्यामुळे. उलट, मोठ्या छिद्रांत बारीक कण आत शिरून बसतात आणि मग बॅकवॉशला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुण्यालाही, दाद देत नाहीत.

एमबीआरमध्ये (जिवाणू आणि मेम्ब्रेन दोन्ही वापरून सांडपाणी शुद्ध करणारी टाकी) सर्रास वापरलं जाणारं पीव्हीडीएफ हे प्लास्टिक घ्या. हे मुळात पाण्याशी फटकून वागणारं. प्रक्रिया न केलेल्या कोऱ्या मेम्ब्रेनवर पाण्याचा थेंब टाका, पसरत नाही, मण्यासारखा बसतो. जिवाणूंनी सोडलेल्या चिकट द्रवातली प्रथिनं अशाच पृष्ठभागाला धरतात. पाणी धरून ठेवणारा लेप दिला की पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रथिनांना तो आधी हटवावा लागतो.

म्हणून ‘हायड्रोफिलिक, म्हणजे पाणीप्रेमी, घेतलं की काळजी मिटली’ असंही नाही. आरओच्या मेम्ब्रेनवर पॉलिअमाइड या प्लास्टिकचा थर असतो आणि त्यावर कार्बोक्सिल हे पाणीप्रेमी रासायनिक गट असतात. पृष्ठभाग ऋणभारित, पाण्यातले सेंद्रिय रेणूही बहुधा ऋणभारित, म्हणजे एकमेकांना ढकलायला हवेत. पण मध्ये कॅल्शियम आला, की तो एक हात इकडे, एक हात तिकडे देऊन दोघांना जोडतो. जड पाण्यात हे जास्त छळतं.

शिवाय एकदा गाळाचा थर बसला की नवा मळ मेम्ब्रेनला नाही, जुन्या मळालाच चिकटतो. तिथे लेपाचा प्रभाव ओसरतो. मग हवेचा मारा, फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून पाणी जाण्याचा वेग) आवाक्यात ठेवणं हेच कामी येतं. आणि धुताना वापरतात त्या हायपोक्लोराइटचा (क्लोरीनयुक्त ब्लीच) हात जरा जपूनच: काही मेम्ब्रेनमधला पाणीप्रेमी घटक त्यानेच हळूहळू झिजतो.