टी पार्टी चळवळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००९ च्या आरंभी उदयास आलेली पुराणमतवादी राजकीय चळवळ. वाढता सरकारी खर्च, तुटीचे अर्थसंकल्प आणि संघराज्य शासनाच्या अधिकारांचा विस्तार यांना विरोध हे तिचे घोषित सूत्र होते. चळवळीला मध्यवर्ती नेतृत्व, लिखित घटना किंवा सदस्यनोंदणी कधीच नव्हती. त्यामुळे स्थानिक गट, त्यांना साहाय्य करणाऱ्या राष्ट्रीय संघटना, निवडणूक निधी उभारणाऱ्या समित्या आणि काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, समविचारी सदस्य या सर्वांना ‘टी पार्टी’ हे एकच नाव सरसकट लावले जाते. तिच्या प्रभावाविषयीची बरीच परस्परविरोधी विधाने यांपैकी नेमका कोणता घटक अभिप्रेत आहे, हे स्पष्ट न केल्यामुळे निर्माण झालेली दिसतात. चळवळीचे नाव १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टन बंदरात ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकण्यात आला, त्या घटनेवरून पडले. स्वातंत्र्ययुद्धकाळातील गॅड्सडेन ध्वज, म्हणजे वेटोळे घातलेल्या सर्पाचे चित्र असलेला पिवळा ध्वज, तिच्या सभांतून सर्वत्र दिसे.

चळवळीचा आरंभ कधी मानावा, याविषयी एकमत नाही. १९ फेब्रुवारी २००९ हा दिवस सामान्यतः आरंभदिन म्हणून सांगितला जातो. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी अडचणीत आलेल्या गृहकर्जदारांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली होती. सीएनबीसी वाहिनीचे वार्ताहर रिक सँटेली यांनी शिकागोच्या वायदेबाजारातून थेट प्रक्षेपणात तिच्यावर तीव्र टीका केली आणि जुलैमध्ये ‘शिकागो टी पार्टी’ भरवण्याची कल्पना मांडली. ही चित्रफीत काही तासांतच देशभर पसरली व २७ फेब्रुवारीला अनेक शहरांत निदर्शने झाली. तथापि सिॲटलमध्ये केली कॅरेंडर या तरुण शिक्षिकेने १६ फेब्रुवारीलाच ७८७ अब्ज डॉलरच्या आर्थिक उत्तेजन विधेयकाविरुद्ध निदर्शन केले होते; त्यात टी पार्टी हे नाव नव्हते, मागणी मात्र तीच होती. त्याहून मागे गेल्यास, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्नशील असलेले रॉन पॉल यांच्या समर्थकांनी १६ डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे बॉस्टन घटनेच्या स्मृतिदिनी, एका दिवसात सुमारे ६० लाख डॉलर जमवले होते. त्यामुळे काही अभ्यासक चळवळीचे मूळ पॉल यांच्या स्वातंत्र्यवादी, म्हणजे शासनाचा हस्तक्षेप किमान असावा असे मानणाऱ्या, अनुयायांत शोधतात. या मतात तथ्य असले, तरी २००९ मधील जमाव बव्हंशी पॉल यांचा अनुयायी नव्हता. परराष्ट्र धोरण व सामाजिक प्रश्नांबाबत तो रिपब्लिकन पक्षाच्या रूढ भूमिकेच्याच जवळ होता. ज्या असंतोषावर चळवळ वाढली, तो ओबामांच्या कारकिर्दीपूर्वीचा आहे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. ऑक्टोबर २००८ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद करणारा कायदा झाला, तेव्हाच पक्षाचा एक मोठा वर्ग नेतृत्वावर रुष्ट झाला होता. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधिगृहाने, तर त्या विधेयकाचा पहिला मसुदा २९ सप्टेंबरला फेटाळलाही होता.

यापेक्षाही अधिक वादग्रस्त प्रश्न म्हणजे चळवळ खरोखरच तळागाळातून उभी राहिली की धनिकांच्या पाठबळाने उभी करण्यात आली. प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पलोसी यांनी एप्रिल २००९ मध्येच तिच्यावर कृत्रिमतेचा आरोप केला होता. उद्योगपती चार्ल्स व डेव्हिड कोक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये ‘सिटिझन्स फॉर अ साउंड इकॉनॉमी’ ही संघटना स्थापन झाली. २००४ मध्ये तिचे विभाजन होऊन ‘फ्रीडमवर्क्स’ आणि ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी’ या दोन संस्था निर्माण झाल्या. पैकी पहिलीचे नेतृत्व प्रतिनिधिगृहातील माजी बहुमतनेते डिक आर्मी यांच्याकडे होते, तर दुसरी कोक बंधूंच्या वर्तुळात राहिली. मूळ संघटनेने करविरोधी प्रचारासाठी टी पार्टीची प्रतिमा वापरणारे एक संकेतस्थळ २००२ मध्येच सुरू केले होते. आरोप करणाऱ्यांचा भर मुख्यतः या पूर्वपीठिकेवर असतो. २००९ मध्ये या दोन्ही संस्थांनी कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, प्रवासव्यवस्था व प्रसिद्धी यांसाठी साहाय्य केले, याविषयी दुमत नाही. फॉक्स न्यूज वाहिनीने निदर्शनांना आगाऊ प्रसिद्धी दिली, हेही मान्य आहे.

हार्व्हर्ड विद्यापीठातील थिडा स्कॉचपोल व व्हेनेसा विल्यमसन यांनी मॅसॅचूसेट्स, व्हर्जिनिया व ॲरिझोना या राज्यांतील स्थानिक गटांच्या बैठकांना उपस्थित राहून आणि सदस्यांच्या मुलाखती घेऊन वेगळा निष्कर्ष काढला. त्यांच्या मते टी पार्टी ही तीन शक्तींची युती होती : स्वयंस्फूर्त स्थानिक गट, मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या धनाढ्य राष्ट्रीय संस्था आणि पुराणमतवादी प्रसारमाध्यमे. स्थानिक गटांची संख्या त्यांच्या अंदाजे एक हजाराच्या आसपास होती. नियमित सभा, वर्गणी, राज्यघटनेचे सामुदायिक वाचन, स्थानिक लोकप्रतिनिधींवर पाळत हे या गटांचे दैनंदिन कार्य बाहेरच्या पैशाने चालत नव्हते. उपलब्ध पुराव्यांशी हाच अन्वयार्थ अधिक जुळतो. दुसरे वेधक संशोधन अर्थशास्त्रज्ञांचे आहे. १५ एप्रिल २००९ या करभरणा दिनी देशभर झालेल्या मेळाव्यांत, ज्या ठिकाणी त्या दिवशी पाऊस पडला तेथे उपस्थिती रोडावली. पाऊस न पडलेल्या ठिकाणी पुढे स्थानिक संघटन अधिक बळकट झाले आणि २०१० मध्ये रिपब्लिकन मतेही वाढली, असे त्यांना आढळले. निदर्शनांचा परिणाम केवळ आधीच असलेल्या जनमताचे प्रतिबिंब नव्हता, हे यावरून सूचित होते. उपस्थितीचे आकडे मात्र सर्वत्रच संशयास्पद आहेत. १२ सप्टेंबर २००९ च्या वॉशिंग्टन मोर्चाविषयीचे अंदाज साठ-सत्तर हजारांपासून दहा लाखांहून अधिक असे पसरलेले असून, त्यांपैकी वरचे आकडे ग्राह्य धरता येत नाहीत.

समर्थकांचे सामाजिक स्वरूप तुलनेने स्पष्ट आहे. न्यूयॉर्क टाइम्स व सीबीएस यांच्या एप्रिल २०१० च्या पाहणीत १८ टक्के अमेरिकनांनी स्वतःला चळवळीचे समर्थक म्हटले. त्यांत श्वेतवर्णीय, विवाहित व ४५ वर्षांवरील पुरुषांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त होते. सरकारी खर्चाला विरोध करणारे हेच समर्थक वृद्धांसाठीच्या सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर या योजनांना बहुधा अनुकूल असत. ही विसंगती नव्हे, असे स्कॉचपोल व विल्यमसन यांचे म्हणणे आहे : कष्ट करून हक्क मिळवणारे आणि फुकटचे घेणारे असा भेद समर्थकांच्या मनात होता व त्यांचा रोष दुसऱ्या वर्गावर, विशेषतः स्थलांतरितांवर व तरुणांवर होता. क्रिस्टोफर पार्कर व मॅट बॅरेटो यांनी सर्वेक्षणांच्या आधारे वांशिक स्थान डळमळल्याच्या भीतीला अधिक महत्त्व दिले आहे. चळवळीच्या प्रवक्त्यांनी हा निष्कर्ष अमान्य केला.

ओबामा यांच्या नियोजित आरोग्यविमा सुधारणेवरून ऑगस्ट २००९ मध्ये मतदारसंघांतील जाहीर सभांत झालेल्या खडाजंगीने चळवळीला वेग आला. जानेवारी २०१० मध्ये एडवर्ड केनेडी यांच्या निधनाने रिक्त झालेली मॅसॅचूसेट्समधील सीनेटची (वरिष्ठ सभागृहाची) जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली. मात्र स्वतंत्र पक्ष काढण्याऐवजी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकांत विद्यमान नेत्यांना आव्हान देणे, हे चळवळीचे खरे साधन ठरले. मे २०१० मध्ये यूटातील सीनेट सदस्य बॉब बेनेट यांना पक्षाच्या अधिवेशनातच उमेदवारी नाकारली गेली आणि पुढे माइक ली निवडून आले. केंटकीत रँड पॉल व फ्लॉरिडात मार्को रुबिओ यशस्वी झाले. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा जास्त मिळवल्या. १९४८ नंतरचे हे सर्वांत मोठे परिवर्तन होते. त्याच वेळी डेलावेअरमध्ये अनुभवी माइक कॅसल यांना डावलून निवडलेल्या क्रिस्टीन ओडॉनेल, तसेच नेव्हाडात शॅरन अँगल यांचा पराभव झाला. पक्षाला सीनेटमधील बहुमत यामुळेच हुकले, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु या दोन जागांनीही बहुमत पूर्ण झाले नसते.

नव्या सदस्यांचा दबाव २०११ मध्ये राष्ट्रीय कर्जमर्यादेच्या, म्हणजे शासनाला किती कर्ज काढता येईल याच्या कायदेशीर मर्यादेच्या, प्रश्नावर दिसला. २ ऑगस्ट रोजी खर्चकपातीचा कायदा होऊन पेच सुटला, तरी तीनच दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने देशाचे पतमानांकन प्रथमच सर्वोच्च श्रेणीवरून खाली आणले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओबामा यांच्या आरोग्यविमा कायद्याचा निधी रोखण्याच्या आग्रहापायी, टेक्ससचे टेड क्रूझ आघाडीवर असताना, संघराज्य शासनाचे कामकाज १६ दिवस अंशतः बंद राहिले. कायदा मात्र अबाधित राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात, करसवलतीसाठी अर्ज करणाऱ्या ‘टी पार्टी’ नावाच्या संघटनांची प्राप्तिकर खात्याने अवाजवी छाननी केल्याचे अधिकृत चौकशीत उघड झाले. डाव्या विचारांच्या काही संघटनाही नावावरूनच छाननीसाठी निवडल्या गेल्या होत्या, असे २०१७ च्या अहवालात नमूद आहे.

जून २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमतनेते एरिक कँटर यांचा व्हर्जिनियातील प्राथमिक निवडणुकीत डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने पराभव केला. या लढतीत मोठ्या राष्ट्रीय टी पार्टी संघटनांनी ब्रॅट यांच्यावर जवळजवळ काहीही खर्च केला नव्हता आणि प्रचाराचा मुख्य मुद्दा करांपेक्षा स्थलांतरितांचा होता. मतदारांचा कल आणि राष्ट्रीय संस्थांचा कार्यक्रम यांतील अंतर येथे स्पष्ट झाले. जानेवारी २०१५ मध्ये प्रतिनिधिगृहात ‘फ्रीडम कॉकस’ हा पुराणमतवादी रिपब्लिकन सदस्यांचा गट स्थापन झाला व सप्टेंबरमध्ये त्याच्या विरोधापुढे सभापती जॉन बेनर यांनी राजीनामा जाहीर केला.

यानंतर स्वतंत्र चळवळ म्हणून टी पार्टीचा उल्लेख विरळ होत जातो. तिच्या लाटेत २०१० मध्ये निवडून आलेले मिक मल्व्हेनी व माइक पॉम्पेओ डॉनल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनात दाखल झाले. मल्व्हेनी यांच्याकडे अर्थसंकल्पाचे खाते असतानाही तूट वाढतच गेली. मतदारसंघांसाठी विशिष्ट निधी राखून ठेवण्याच्या प्रथेवर २०१० नंतर आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. मे २०२४ मध्ये फ्रीडमवर्क्स संस्था विसर्जित झाली. ट्रम्प यांच्या उदयानंतर आपले कार्यकर्ते व देणगीदार आणि संस्थेची स्वातंत्र्यवादी आर्थिक भूमिका यांत पडलेली फूट हे कारण तिच्या नेतृत्वाने पुढे केले.