गिधाडांचं प्रजनन केंद्र वेगळं, उपाहारगृह वेगळं

रायगडच्या फणसाड अभयारण्यात किंवा गडचिरोलीत गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ आहे म्हटलं, की तिथे गिधाडं पाळली आहेत असंच अनेकांना वाटतं. तिथे पाळलेलं एकही गिधाड नसतं. मोकळ्या जागेवर मेलेलं ढोर टाकतात, रानातली गिधाडं उतरतात, खातात आणि निघून जातात. खरं काम ढोर टाकण्याआधीचं असतं: शेवटच्या आजारात त्याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं, हे मालकाला विचारून घेणं.

प्रजनन केंद्रात पक्षी जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत राहतात. हरयाणात पिंजोरला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ही संस्था आणि तिथलं वनखातं असं केंद्र चालवतं. खाण्यासाठी आणलेल्या शेळ्यासुद्धा काही दिवस राखून मगच कापतात, अंगात औषध असलंच तर उतरावं म्हणून. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. म्हणून कधी पहिलं अंडं उचलून यंत्रात उबवतात. मग जोडी पुन्हा अंडं घालण्याची शक्यता असते. हा खटाटोप मला मुळीच जास्त वाटत नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. पेरायला बियाणं तरी शिल्लक हवं.

दोन्हीकडे भीती एकाच औषधाची, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची. ते पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरात एखाद्या ढोरात जरी ते असलं, तरी एवढी घट होऊ शकते, असा संशोधकांचा हिशेब आहे. जनावरांसाठी ते २००६ साली बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. २०१५ मध्ये बाटली ३ मिलीची करावी लागली. बंदिस्त गिधाडांवरच्या चाचण्यांतून मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक सुरक्षित ठरलं, म्हणून पशुवैद्यांच्या हाती पर्याय आला. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं हे ऋण फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

उपाहारगृहाची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. गिधाड दिवसात शंभरेक किलोमीटर सहज फिरतं, ते आपण वाढलेल्या ताटावरच बसेल कसं? जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची २० गिधाडं रानात सोडायला ताडोबा आणि पेंचला आणली. पुढे ताडोबातून सोडलेलं एक थेट तमिळनाडूपर्यंत गेलं. वाटेतल्या कुठल्या गावाच्या ढोरफोडीवर ते उतरलं असेल, आणि तिथलं ढोर कोणतं औषध घेऊन मेलं असेल, हे ना पिंजोरच्या हातात, ना फणसाडच्या.