एका संगणकात दोन जावा: डेटाबेसच्या अवजाराला अडवणारा आवृत्त्यांचा घोळ

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की वजने, दर आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांच्या नोंदींनी अडत दुकानांतील संगणकांवरचे कामही वाढते. समजा, अशा एका दुकानाचा हिशेब ओरॅकल डेटाबेसमध्ये आहे आणि दिवसाचा गोषवारा काढण्यासाठी तेथे एसक्यूएलसीएल हे कमांड लाइनवर चालणारे अवजार वापरतात. काल बिनतक्रार चाललेले हे अवजार आज सुरू होताच बंद पडते आणि पडद्यावर अनाकलनीय ओळींची चळत उमटते. हंगामाचा हिशेबच गेला की काय, अशी धास्ती दिवाणजींना वाटली तर नवल नाही. परंतु अवजार इतक्या लवकर थांबते की त्याने डेटाबेसशी संपर्कही साधलेला नसतो. नोंदी सुरक्षित असतात आणि बिघाड डेटाबेसच्या अलीकडे, त्याच संगणकात असतो.

एसक्यूएलसीएल जावा भाषेत लिहिलेले आहे. जावातील प्रोग्रॅमचे आधी बाइटकोड या मधल्या रूपात भाषांतर होते आणि ते बाइटकोड प्रत्यक्ष चालवण्याचे काम संगणकावर वेगळा बसवलेला जावा रनटाइम करतो. बाइटकोडच्या प्रत्येक फाइलच्या प्रारंभी चार ठरावीक बाइट असतात, त्यांच्यापुढील दोन बाइटांत उपआवृत्ती आणि त्यानंतरच्या दोन बाइटांत मुख्य आवृत्तीचा क्रमांक असतो. रनटाइम हा क्रमांक तपासतो आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर फाइल चालवण्यास नकार देतो. जावा ८ साठी हा क्रमांक ५२, जावा ११ साठी ५५, जावा १७ साठी ६१ आणि जावा २१ साठी ६५ आहे. म्हणजे क्रमांकातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' या नावाच्या त्रुटीत हे दोन्ही आकडे स्पष्ट छापलेले असतात. फाइल ५५ ची आहे आणि रनटाइमला ५२ पर्यंतच समजते, असे तेथे दिसले तर अवजाराला जावा ११ हवा असून त्याच्या वाट्याला जावा ८ आला आहे, एवढे निदान त्या एका ओळीतूनच होते. लांबलचक संदेश पाहून पुष्कळ जण तो न वाचताच मिटवतात, याचे मला वाईट वाटते, कारण उत्तर तेथेच असते.

मग कालपर्यंत मिळणारा जावा ११ गेला कोठे? बहुधा तो कोठेही गेलेला नसतो. डिजिटल सहीसाठी किंवा विवरणपत्र भरण्यासाठी एखादा जुना प्रोग्रॅम बसवताना त्याच्यासोबत जावा ८ आलेला असतो आणि त्याने आपले फोल्डर 'पाथ' या यादीत सर्वांच्या पुढे नेऊन ठेवलेले असते. आपण आज्ञा टंकित करतो तेव्हा संगणक या यादीतील फोल्डर क्रमाने शोधतो आणि त्या नावाचा पहिला प्रोग्रॅम सापडताच शोध थांबवतो. त्याच्यामागे अधिक योग्य आवृत्ती असली तरी तिच्यापर्यंत तो जात नाही.

येथे आणखी एक पेच आहे, आणि अनुभवी माणसांचाही वेळ याच पेचात जातो. 'जावा होम' नावाचे एक वेगळे चल, म्हणजे जावाचे फोल्डर कोठे आहे ते सांगणारी संगणकातील नोंद, असते आणि अनेक अवजारांच्या आरंभ-फाइली पाथच्या आधी त्याचीच दखल घेतात. त्यामुळे टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकित करण्याच्या खिडकीत, जावाची आवृत्ती विचारली असता १७ असे उत्तर येते आणि तरीही अवजार मात्र ८ वरच चालू पाहते. म्हणून केवळ आवृत्ती विचारून थांबू नये. विंडोजवर 'व्हेअर' ही आज्ञा देऊन आणि लिनक्सवर 'व्हिच' या आज्ञेला सर्व ठिकाणे दाखवण्याचा पर्याय जोडून कोणकोणते जावा कोणत्या क्रमाने सापडतात ते पाहावे, आणि जावा होममध्ये नोंदलेला पत्ताही स्वतंत्रपणे छापून घ्यावा. हे करण्याआधीच जावा पुन्हा बसवण्याची घाई केली, तर गोंधळात आणखी एका आवृत्तीची भर पडण्याचाच संभव अधिक.

नवी आवृत्ती हेच नेहमी औषध असते, असेही नाही. कॅसँड्रा डेटाबेसचे 'सीक्यूएलएसएच' हे अवजार पायथनमध्ये लिहिलेले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून 'असिंककोर' हा जुना भाग काढून टाकण्यात आला आणि त्यावर विसंबलेली या अवजाराची जुनी रूपे नव्या पायथनवर सुरूच होईनाशी झाली. तेथे रनटाइम अवजारापेक्षा पुढे गेलेला असतो, म्हणून अवजाराची नवी आवृत्ती घ्यावी किंवा त्याच्यासाठी पायथन ३.११ शेजारी ठेवावा.

उपाय करताना संपूर्ण संगणकाची मांडणी बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. जावा ८ काढून टाकला तर सहीचा प्रोग्रॅम बंद पडेल आणि विवरणपत्राची मुदत चुकेल. त्याऐवजी एसक्यूएलसीएल सुरू करणारी एक छोटी फाइल तयार करून तिच्यात त्या अवजारापुरतेच जावा होम ठरवावे. दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी राहतात. व्यवस्थेतील चल बदललेच, तर आधीपासून उघडी असलेली टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडावी, कारण जुन्या खिडकीत चलांच्या जुन्याच नोंदी टिकून राहतात. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांकडेही स्वतंत्रपणे पाहावे लागते: लिनक्सवरील क्रॉन ही वेळापत्रकाची सोय आपल्या टर्मिनलचा पाथ न वापरता स्वतःचा तोकडा पाथ घेऊन चालते, म्हणून दिवसा हाताने नीट चालणारा गोषवारा रात्री निघत नाही, अशा कामात जावाचा संपूर्ण पत्ताच लिहून ठेवावा.