लॉसलेस म्हणजे बिट-परफेक्ट नव्हे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरे बनवणारे एक चाचा गेल्या पावसाळ्यात सांगलीला आमच्या घरी आले होते. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर एक विलंबित ख्याल लावला. ॲपमध्ये गाण्याच्या नावाखाली ‘लॉसलेस’, म्हणजे काहीही न गाळता साठवलेलं, असं झळकत होतं. लॅपटॉपला यूएसबीने डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी, जोडलेला, डॅकपुढे ॲम्प, मग स्पीकर. चाचा खूश होतील असं मला वाटत होतं. ते पाचेक मिनिटं डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, “तानपुऱ्यावर कोण बसलंय रे? गवई थांबला की जोरात छेडतोय, गवयानं आवाज लावला की दबतोय. अशी साथ कोण करतं?”

मी पुन्हा ऐकलं. चाचांचं बरोबर होतं. गायकाने श्वास घेतला की तानपुरा पुढे येत होता आणि सूर लागला की मागे सरत होता. कितीतरी महिने मी हे ऐकत होतो आणि रेकॉर्डिंगच तसं आहे असं धरून चाललो होतो. दोष रेकॉर्डिंगचा नव्हता, ॲपचाही नव्हता. लॅपटॉपबरोबर आलेल्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ पहिल्या दिवसापासून चालू होतं. हळू आवाज मोठा करायचा आणि मोठा आवाज दाबायचा, हे त्याचं काम. बातम्या ऐकायला ठीक आहे, पण ख्यालात दोन आवर्तनांच्या मधली शांतता ते खाऊन टाकतं.

म्हणजे गाणं लॉसलेस होतं आणि तरीही कानापर्यंत जसंच्या तसं पोचत नव्हतं. लॉसलेस आणि बिट-परफेक्ट हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, मीही वापरत होतो. त्यांतला एक फाइलबद्दल आहे आणि दुसरा वाटेबद्दल. सांगलीच्या मार्केट यार्डातून निघालेलं हळदीचं पोतं डोळ्यांसमोर आणा. भरताना माल पुरा भरला होता का, हा एक प्रश्न. वाटेत कुणी शिवण उसवून आत हात घातला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही.

आधी माल बघू. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने असतात, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला 14,11,200 बिट, म्हणजे साधारण 1,411 केबीपीएस. या हिशोबाने तासाभराचं गाणं 635 एमबीच्या आसपास जातं. एमपीथ्री, एएसी, व्हॉर्बिस हे फाइलचे प्रकार हा आकडा खाली आणण्यासाठी माणसाच्या कानाच्या मर्यादेचा आधार घेतात. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज तसाही ऐकू येणार नाही, मग तो कमी बिटांत, ढोबळमानाने लिहा किंवा टाकूनच द्या. एकदा टाकलेलं परत येत नाही. फ्लॅक आणि ॲपलचं एएलएसी हे लॉसलेस प्रकार मात्र काहीच टाकत नाहीत. ते आकड्यांमधली पुनरावृत्ती हेरून तीच माहिती आटोपशीर लिहितात आणि उघडताना एकूण एक बिट परत करतात, झिप फाइलसारखं. फ्लॅक 2001 पासून आहे आणि सगळ्यांसाठी खुलं आहे. जागा कमी लागते, माल तेवढाच राहतो.

माल कमी भरला की काय हरवतं, ते तानपुऱ्यावर सगळ्यांत लवकर कळतं. घोडीच्या किंचित गोलसर माथ्यावर तार टेकते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. त्याला जिवाळी म्हणतात. चाचा हा दोरा बोटाच्या टोकाने केसभर पुढे, केसभर मागे करतात. एका जागी तार मुकी, बोथट वाजते. किंचित सरकवली की त्याच तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलायला लागतात, आणि खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार स्पष्ट ऐकू येतो. हे उमलणारे स्वर मूळ सुरापेक्षा पुष्कळ बारीक असतात. 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीला नेमकं हेच बारीक काम परवडत नाही. तिथे जवारी, म्हणजे तारेचा हा उमलणारा झणकार, पाण्यातून आल्यासारखी, बुडबुडल्यासारखी लागते. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ सुद्धा टोक गेल्यासारखा वाजतो, कारण आघाताच्या आधीच त्याची थोडी धूळ पसरलेली असते.

पण हेही तितकंच खरं की न सांगता लावलेलं गाणं 320 केबीपीएसचं, किंवा चांगल्या 256 केबीपीएस एएसीचं, आहे की लॉसलेस, हे मी खात्रीने ओळखू शकत नाही. भावाला पडद्याआड बसवून कितीदा तरी पाहिलं आहे. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो: 128 वरून 320 वर जाणं अगदी जरूर करा. 320 वरून लॉसलेसवर जायचं असेल तर पुन्हा शंका राहू नये म्हणून जा, आकाश उजळेल या आशेने जाऊ नका.

लॉसलेसची एक मर्यादा तर फारच कमी लोक लक्षात घेतात. फ्लॅक आपल्या हाती जे आलं ते जपतं, त्याआधी त्याचं काय झालं हे त्याला माहीत नसतं. कुणी जुनी एमपीथ्री उघडून तिचं फ्लॅक केलं तर त्या एमपीथ्रीतलं नुकसानही बिनचूक जपलं जातं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि 1937 साली गेले. त्यांचं आपल्याला ऐकायला मिळतं ते 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. त्या तबकडीची 24 बिट, 96 किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 96,000 नमुन्यांची, फाइल केली तर सुईची खरखर अतिशय सुरेख साठवली जाईल, पण तबकडीने न पकडलेला वरचा आवाज तिथे येणार नाही. मी त्या तबकड्यांवर जीव टाकतो, आणि त्यासाठी मला मोठे आकडे लागत नाहीत.

आता वाट. इथेच कॉम्प्युटर फोनपेक्षाही खोडकर असतो, कारण त्याला एकाच वेळी गाणं, मेलची टिंग आणि ब्राउझरमधला व्हिडिओ हे सगळं एका स्पीकरमधून काढायचं असतं. त्यासाठी विंडोज सगळे आवाज एका मिक्सरमध्ये ओततं. मिक्सरचा एकच ठरलेला दर असतो, बहुतेक वेळा 48 किलोहर्ट्झ. गाणं 44.1 चं असेल तर दर 147 नमुन्यांचे 160 नमुने नव्याने मोजून काढावे लागतात. म्हणजे डॅककडे पोचलेला जवळजवळ प्रत्येक आकडा फाइलमधल्या आकड्यापेक्षा वेगळा असतो. वर आवाजाची पट्टी 100 च्या खाली असली की पुन्हा गुणाकार. ॲपमधलं ‘व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन’ किंवा ‘साउंड चेक’ चालू असलं की आणखी एक. बिट-परफेक्ट म्हणजे यातलं काहीही न होता फाइल उलगडल्यावर निघालेले आकडे डॅकच्या दारात तसेच पोचणं.

फाइलवरची पाटी यातलं काहीच सांगत नाही, पण डॅक सांगतो. पुष्कळ डॅकवर चालू दर आकड्यांत दिसतो किंवा दिव्याचा रंग बदलतो. एक 44.1 चं गाणं लावा, मग 96 चं. दोन्ही वेळा 48 च दिसत असेल, तर वाटेत कुणीतरी पोतं उसवलं आहे. माझ्याकडे तेच दिसत होतं, आणि मी तो आकडा कधी वाचलाच नव्हता. दर जुळला म्हणजे सगळंच अस्पर्श आहे असं मात्र नव्हे, कारण आवाजाची पट्टी किंवा इक्वलायझर दर न बदलताही आकडे बदलू शकतात.

उपाय सोपा आहे. विंडोज 11 मध्ये सेटिंग्जमधून सिस्टिम, मग साउंड, तिथे आपला डॅक निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. कंपनीने घातलेलं आवाजाचं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर तेही उघडून बघा. लाउडनेस, सराउंड, बास बूस्ट, सगळं बंद. यानंतर प्लेयरला मिक्सर टाळून थेट डॅकशी बोलू द्यायचं, त्याला ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ म्हणतात. फूबार2000 हा फुकट मिळणारा प्लेयर आउटपुटच्या यादीत एकच डॅक दोनदा दाखवतो, त्यातला ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला घ्या. गाणं चालू असेपर्यंत मेलची टिंग वाजणार नाही, तेव्हा काहीतरी बिघडलं असं समजू नका. आणि पहिल्यांदा लावताना ॲम्पचा कान आधी पार खाली करा. या वाटेवर विंडोजची आवाजाची पट्टी तुमचं ऐकेलच असं नाही, गाणं एकदम भरधाव येतं. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये जाऊन दर हाताने गाण्याच्या दराशी जुळवता येतो. ब्राउझरमध्ये ऐकत असाल तर बिट-परफेक्टचा नाद सोडा, तिथला आवाज मिक्सरमधूनच जातो.

उलट बाजूचं उदाहरण आमच्या साताऱ्याच्या दाजींचं. सायबर कॅफेच्या काळात जमवलेली नाट्यगीतं आणि भजनं त्यांच्याकडे हार्ड डिस्क भरून आहेत, बहुतेक सगळी 128 ची. त्यांनी फूबार बसवला, एक्सक्लुझिव्ह मोड केला, डॅकवर 44.1 उमटलं आणि मला फोन आला, “झालं की ओ बिट-परफेक्ट!” झालंच होतं, त्यात खोट नव्हती. कमी भरलेलं पोतं एक दाणाही न सांडता घरी पोचत होतं. त्यांना मी सांगितलं की सगळं बदलत बसू नका, रोज ऐकता ती पन्नासेक गाणी चांगल्या प्रतीत मिळवा. बाकीच्या कितीतरी गोष्टी दुसरीकडे मिळतही नाहीत, त्या आहेत तशा जपा.

ब्लूटूथचं थोडक्यात: नेहमीचे कोडेक, म्हणजे आवाज आटोपून पाठवायच्या पद्धती, एसबीसी, एएसी किंवा 990 केबीपीएसपर्यंत जाणारं एलडॅकसुद्धा, आवाज पुन्हा कापून पाठवतात. फाइल लॉसलेस असली तरी हेडफोनपर्यंत ती लॉसलेस राहत नाही. स्वयंपाक करताना ऐकायला काहीच हरकत नाही.

नेटवर्कच्या महागड्या केबलवर मात्र कुणी पैसे घालू नयेत. वाटेत हरवलेलं माहितीचं पाकीट पुन्हा मागवलं जातं, आणि आजच्या बहुतेक यूएसबी डॅकमध्ये नमुन्यांची वेळ डॅकचं स्वतःचं घड्याळ ठरवतं. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज थांबला, तर बिटांचा काही संबंध नाही. घराचं अर्थिंग वायरमनला दाखवा, जुन्या वाड्यांत तर नक्कीच.

माझं मत विचाराल तर मिक्सरमधला तो 147 चा 160 हिशोब आजची सॉफ्टवेअर इतकी नीट करतात की तेवढ्याने तानपुरा बिघडत नाही. बिट-परफेक्ट वाटेचा मला झालेला खरा फायदा वेगळा आहे. मला न विचारता आवाजात हात घालणारं मधे कुणी उरत नाही, आणि काही खटकलं तर शोध फाइल, स्पीकर आणि खोली एवढ्यावरच येतो. आमच्या घरात पुढचं काम खोलीचंच निघालं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर आईची जुनी गोधडी टांगली, तेव्हा शब्द जितके सुटे झाले तितके कुठल्याही सेटिंगने झाले नव्हते.

दिवाळीनंतर चाचा पुन्हा आले तेव्हा तोच ख्याल लावला. या वेळी गवई थांबला तरी तानपुरा आपल्या जागी राहिला. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मांडीवर बोट ठेवत म्हणाले, “खर्जाची तार जरा उतरलीय बघ.” मी आवाज थोडा वाढवून पुढे वाकून ऐकलं. उतरली होती.