उभयचरांच्या संख्येचे दीर्घकालीन निरीक्षण

बेडूक, भेक, सॅलॅमँडर (शेपटी असलेला, पालीसारखा दिसणारा प्राणी) व देवगांडूळ (पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा प्राणी) या उभयचर प्राण्यांच्या नोंदी ठरावीक ठिकाणी, एकाच पद्धतीने वर्षानुवर्षे ठेवून त्यांच्या संख्येतील घट वा वाढ ठरविण्याचे काम. १९८९ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरी येथे सरीसृप व उभयचरांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. निरनिराळ्या खंडांतून आलेल्या संशोधकांनी तेथे आपापल्या भागातील बेडूक नाहीसे होत असल्याचे सांगितले. मात्र ते पडताळण्याजोग्या जुन्या मोजण्या फार थोड्यांपाशी होत्या.

उभयचरांची संख्या मुळातच अस्थिर असते. पाऊस ओढ देतो तेव्हा डिंभांचे (पाण्यात वाढणाऱ्या पिलांचे) रूपांतर पुरे होण्याआधीच डबके आटते व त्या वर्षीची पिढी वाया जाते. पुढे एखाद्या चांगल्या हंगामात त्याच डबक्यातून हजारो पिल्ले बाहेर पडतात. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील रेनबो बे या हंगामी पाणथळीला १९७८ मध्ये कुंपण घालून व कुंपणालगत डबे पुरून आत-बाहेर जाणारे प्राणी मोजण्यास सुरुवात झाली. पहिल्या बारा वर्षांतील चढउतार इतके मोठे होते की, त्यांतील दोन-तीन वर्षेच पाहणाऱ्यास नैसर्गिक चढउतार आणि खरी घट यांत फरक करता आला नसता. याउलट कोस्टा रिकातील माँतेव्हेर्दे येथील सोनेरी भेकाने तेवढा अवधीही दिला नाही. १९८७ च्या विणीच्या हंगामात तो दीड हजाराहून अधिक संख्येने दिसला होता. १९८९ मध्ये एकच नर आढळला आणि त्यानंतर ही जात कोणालाही दिसलेली नाही.

प्राणी न दिसणे म्हणजे तो नसणे नव्हे, ही या कामातील सर्वांत मोठी अडचण होय. कोरड्या रात्री बेडूक ओरडत नाहीत आणि सॅलॅमँडर दगडांखाली दडून राहतात. म्हणून एकाच हंगामात त्याच जागी अनेक फेऱ्या करतात व प्राणी नजरेतून सुटण्याची संभाव्यता गणिताने वेगळी काढतात. या रीतीने अमेरिकेतील ३४ क्षेत्रांवरील ४८ जातींचा अभ्यास झाला, तेव्हा २००२ ते २०११ या काळात त्यांनी व्यापलेल्या जागा वर्षाला सरासरी ३.७ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले. प्राण्यांच्या शरीरातून पाण्यात मिसळलेला डीएनए तपासून दुर्मिळ जातीचे अस्तित्व कळते, परंतु प्राणी किती आहेत हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

अनेक ठिकाणच्या ऱ्हासामागे असलेल्या, उभयचरांच्या त्वचेला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत कित्येक डोंगरी ओढे बेडकांवाचून रिकामे झाले होते. जेथे पूर्वीच्या मोजण्या नाहीत, तेथे संग्रहालयांत जपलेल्या जुन्या बेडकांची त्वचा तपासून ही बुरशी केव्हा पोहोचली याचा अंदाज बांधतात; त्या वेळी तेथे किती बेडूक होते, हे मात्र त्या नमुन्यांवरून कळू शकत नाही.