भरण्याआधी जखम मोठी का दिसते?

चिघळलेली जखम साफ करायला पेशंटला ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. नंतर पहिल्यांदा ड्रेसिंग उघडलं जातं, तेव्हा घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आत नेताना नखाएवढी दिसणारी जखम आता तळहाताएवढी झालेली असते. 'बरी करायला नेली होती ना?' हा प्रश्न मनात येणं अगदी स्वाभाविक आहे, आणि त्याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या आधीच मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. बहुतेक वेळा जखम आतून आधीच तेवढी पसरलेली असते. वरची कातडी तिला झाकून असते. सर्जन काढतात तो मेलेला, कुजलेला, जंतूंनी व्यापलेला भाग. वैद्यकात या कामाला डिब्राइडमेंट म्हणतात. जखमेच्या उपचारांत औषधं, मलमं, ड्रेसिंग यांची चर्चा फार होते. त्या सगळ्यांचा उपयोग मात्र हे काम किती नीट झालं यावर ठरतो.

मेलेली ऊती जखमेत राहिली तर बिघडतं कुठे? शरीर ती स्वतः काढू शकत नाही का? थोडी असेल तर काढतं. इजा झाल्यावर पांढऱ्या पेशी धावून येतात, मेलेल्या पेशींचे अवशेष विरघळवतात, गिळतात. मग नव्या केशवाहिन्या फुटतात, तंतुपेशी कोलॅजन हे आधार देणारं प्रथिन विणू लागतात, जखमेच्या तळाशी लालसर दाणेदार मांसांकुर धरतात आणि कडेच्या त्वचेच्या पेशी त्यावरून सरकत सरकत मध्यापर्यंत येतात. पण मेलेला भाग मोठा असेल, तर हा क्रम सुरुवातीलाच अडकतो.

मूळ अडचण रक्ताची असते. बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापेक्षा जास्त लांब जगू शकत नाहीत, कारण ऑक्सिजन तेवढ्याच अंतरापर्यंत झिरपतो. मेलेल्या भागात रक्त फिरत नाही. त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पोचत नाही. पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, आणि कडेने शिरल्या तरी जंतू मारायला त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो, तोच तिथे नसतो. जंतूंना मात्र ऊब, ओल आणि अन्न सगळं आयतं मिळतं. गॅस गँग्रीन घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंना तर ऑक्सिजन नकोच असतो. चिरडलेला, रक्त तुटलेला स्नायू म्हणजे त्यांचं हक्काचं ठिकाण.

दुसरा घोटाळा शरीराच्या स्वतःच्या प्रयत्नातून होतो. मेलेलं विरघळवण्यासाठी पांढऱ्या पेशी जी विकरं (एन्झाइम्स) सोडतात, ती मेलेलं आणि नवं असा फारसा भेद करत नाहीत. साफसफाईचं काम संपतच नसेल, तर ही विकरं आठवडेच्या आठवडे पाझरत राहतात आणि नुकतंच विणलेलं कोलॅजनही तोडत राहतात. जखम ना मागे जाते, ना पुढे. महिनोन् महिने न भरणाऱ्या कित्येक जखमा अशा अडकलेल्या असतात.

जंतुनाशक ओतून हा प्रश्न सुटेल, असं एके काळी डॉक्टरांनाही वाटत होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन इथे काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हा समज काचेच्या एका नळीने खोटा ठरवला. पेनिसिलिनचा शोध तेव्हा अजून दहाहून जास्त वर्षं दूर होता. त्यांनी परीक्षानळीची काच तापवून तिच्या भिंतीतून बाहेर जाणारे पोकळ काटे ओढले. बॉम्बगोळ्याच्या तुकड्याने फाटलेल्या जखमेत जशा आत आत जाणाऱ्या फटी असतात, तशी ही नळी झाली. त्यात जंतू असलेला द्रव भरला, ओतून टाकला, मग जंतुनाशकाने नळी भरून ठेवली. तेही ओतून निर्जंतुक द्रव भरला आणि नळी उबेत ठेवली. जंतू पुन्हा वाढले, कारण काट्यांच्या टोकांत ते सुखरूप राहिले होते. शिवाय फ्लेमिंगना दिसलं, की त्या काळची तीव्र जंतुनाशकं जंतूंपेक्षा पांढऱ्या पेशींनाच जास्त मारतात. फटी आणि त्यांतलं मेलेलं मांस काढून टाकणं हाच मार्ग उरत होता.

त्या मार्गाचा पुरावा तोवर आलेलाही होता. 1898 मध्ये जर्मन सर्जन पाउल लेओपोल्ड फ्रीडरिश यांनी गिनिपिगच्या जखमांत बागेतली माती मिसळली. पहिल्या साधारण 6 तासांत जखमेच्या कडा आणि तळ कापून काढले, तर प्राणी वाचत. उशीर झाला की संसर्ग खोल गेलेला असे. महायुद्धात शेणखत घातलेल्या शेतांमध्ये लढाया झाल्या आणि हाच प्रश्न हजारो सैनिकांच्या शरीरावर उभा राहिला. बेल्जियन सर्जन आंत्वान दपाज यांनी तिथे दोन गोष्टींचा आग्रह धरला: मेलेलं सगळं काढायचं आणि जखम लगेच शिवायची नाही. उघडी ठेवून काही दिवस पाहायचं, स्वच्छ राहिली तरच टाके घालायचे. दुसरी गोष्ट पाळणं जास्त अवघड, कारण उघडी जखम तशीच सोडायला सर्जनचा हात धजत नाही. पण घाणेरड्या जखमेला आजही हाच नियम लागू आहे. सुश्रुतसंहितेतही जखमेचा क्रम आधी शोधन (साफ करणं), मग रोपण (भरून आणणं) असाच सांगितला आहे, आणि शस्त्रकर्मांच्या 8 प्रकारांत कापून काढणं आणि खरवडणं वेगवेगळं मोजलं आहे.

आता खरा अवघड भाग. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, हे ठरवायचं कसं? काळी, कडक खपली किंवा पिवळा, चिकट थर ओळखणं सोपं असतं. स्नायू मात्र फसवतो. सर्जन त्याच्या चार परीक्षा घेतात. रंग पाहतात, पण तो सर्वांत बेभरवशाचा. बोटाने दाबून पाहतात: जिवंत स्नायू घट्ट लागतो, मेलेला लिबलिबीत. चिमट्याने हलकेच चिमटतात: जिवंत असेल तर तो आक्रसतो, मेलेला तसाच पडून राहतो. शेवटी कापतात: कापल्या जागी लाल, ताजं रक्त आलं तर थांबायचं, नाही आलं तर आणखी थोडं आत जायचं. हाडाचंही तसंच. जुन्या हाडसंसर्गात हाडाचा एखादा तुकडा मरून सुटा पडलेला असतो. तो काढून उरलेलं हाड खरवडत नेतात, आणि पृष्ठभागावर रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागले की तिथे हात थांबतो. त्वचा, चरबी, स्नायू, हाड, सगळीकडे शेवटचा शब्द रक्ताचाच असतो.

भाजण्याच्या उपचारात याच ठिपक्यांनी क्रांती केली. पूर्वी भाजलेली, मेलेली त्वचा आपोआप सुटेपर्यंत आठवडे वाट पाहत असत. त्या काळात संसर्ग होई, आणि जगलेल्यांना आक्रसलेले व्रण घेऊन जगावं लागे. स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरातल्या झोरा यान्झेकोविच यांनी थांबायचं नाकारलं. पहिल्या काही दिवसांतच त्या भाजलेल्या त्वचेचे मिलिमीटरच्या काही दशांशाएवढे पातळ थर एकावर एक तासत जात. एक थर काढला, पाहिलं. रक्त नाही, म्हणून दुसरा. पांढऱ्या, चकाकत्या पृष्ठभागावर दाट लाल ठिपके दिसले की जिवंत त्वचा लागली, आता तासणं बंद, आणि त्याच बैठकीत त्यावर पेशंटचीच निरोगी त्वचा लावायची. 1970 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या बर्न्स विभागांची कामाची पद्धत बदलली. या बाईंचं नाव वैद्यकाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

काही आजारांत मात्र दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. नेक्रोटायझिंग फॅसायटिस या संसर्गात जंतू त्वचेखालच्या आवरणातून पसरत जातात. वरची कातडी सुरुवातीला थोडी लाल आणि सुजलेली, एवढंच. धोक्याची मोठी खूण म्हणजे दिसतंय त्याच्या मानाने कितीतरी जास्त दुखणं. शंका आली तर सर्जन लहान छेद घेऊन आत बोट घालतात. निरोगी शरीरात हे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. इथे ते बोटाने सहज सुटत जातात, रक्त येत नाही आणि राखाडी, पातळ पाणी बाहेर पडतं. तिथून पुढे, जिथे थर सुटणं थांबेल तिथपर्यंत सगळं काढावं लागतं. अँटिबायोटिक हवंच, पण एकट्याने ते हा आजार आवरू शकत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये केलेल्या विश्लेषणात 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे 19 टक्के होतं, उशिरा झालेल्यांत सुमारे 32 टक्के.

याच्या अगदी उलट, संथ चालणारी गोष्ट मधुमेहाच्या पायाची. संवेदना गेलेल्या तळव्यावर चालण्याच्या दाबाने घट्टा तयार होतो, आणि तो बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला दाबत राहतो. फक्त पेशंटला टोचत नाही. खाली जखम होते, ती घट्ट्याने झाकलेली राहते. नुसता घट्टा तासून काढला तरी त्या जागेवरचा दाब सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. जुन्या जखमांवर जंतू चिकट पदार्थाचं आवरण करून एकत्र राहतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारा थरही हाच प्रकार. या आवरणात अँटिबायोटिकचा फारसा परिणाम होत नाही. जखम खरवडली की ते मोडतं, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा जमू लागतं. म्हणून अशा जखमा एकदा साफ करून भागत नाही, पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या केंद्रांत हे काम जास्त वेळा केलं जात होतं तिथे मधुमेही पायांच्या जखमा जास्त प्रमाणात भरल्या होत्या. मात्र मधुमेह असलेल्यांनी घरी ब्लेडने घट्टा कापू नये, ही कळकळीची विनंती. पाय बधिर असतो. किती खोल कापलं ते कळत नाही, आणि त्यातून पाय गमावायची वेळ येऊ शकते.

पातं हा एकच उपाय नाही. ओलसर ड्रेसिंगखाली शरीराची विकरंच हळूहळू मेलेला थर सोडवतात. कोलॅजन तोडणारी मलमं आहेत, भाजलेल्या जखमांसाठी अननसाच्या देठापासून काढलेलं विकरांचं मिश्रण आहे. आणि अळ्या आहेत. 1917 मध्ये विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनने दोन सैनिक पाहिले. मांडीचं हाड मोडून ते 7 दिवस रणांगणावर पडून होते, जखमांत अळ्या वळवळत होत्या. पण ताप नव्हता, आणि अळ्या धुतल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांसांकुर दिसले. बेअरनी पुढे बाल्टिमोरमध्ये हाडसंसर्ग झालेल्या मुलांवर हा उपचार केला. काहींना धनुर्वात झाला, तेव्हा अळ्या निर्जंतुक वाढवायची पद्धतही त्यांनीच बसवली. ठरावीक जातीच्या हिरव्या माशीच्या या अळ्या मेलेल्या मांसावर विकरं सोडतात आणि विरघळलेलं शोषून घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये त्यांना परवानगी दिली. पण 2009 मध्ये पायांच्या जखमांवरच्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं, की अळ्यांनी जखमा लवकर साफ झाल्या, भरल्या मात्र लवकर नाहीत. शिरांमधला दोष किंवा दाब तसाच असेल, तर स्वच्छ जखमही भरायची थांबते.

आणि काही वेळा हात लावायचाच नसतो. रक्तवाहिनी तुंबलेल्या पायावरचं कोरडं, काळं गँग्रीन आधी रक्तपुरवठा सुधारल्याशिवाय कापलं, तर कडेची कशीबशी जगलेली ऊतीही मरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली, लाली-पू नसलेली खपली तशीच ठेवतात. पायोडर्मा गँग्रिनोसम हा आजार तर संसर्गासारखा दिसतो, पण मूळ प्रतिकारसंस्थेच्या बिघाडात असतं. तिथे कापलं की जखम आणखी झपाट्याने पसरते. कापायचा निर्णय घेण्याआधी पायाची नाडी तपासणं आणि निदानाबद्दल शंका घेणं, हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे.

हद्द ओळखायला आता यंत्रांची मदत मिळू लागली आहे. जांभळ्या प्रकाशात काही जंतू लाल चमकतात, ते टिपणारे हातात धरायचे कॅमेरे आहेत. शिरेतून हिरवा रंग देऊन कुठल्या भागात रक्त फिरतंय, हे पाहता येतं. पण पहिल्या दिवशी काठावर असलेला स्नायू पुढे जगेल की मरेल, हे अजून कुठलंच यंत्र खात्रीने सांगत नाही. म्हणून मोठ्या जखमांत सर्जन शंकास्पद भाग मुद्दाम ठेवतात, जखम उघडीच बांधतात आणि 24 ते 48 तासांनी पेशंटला पुन्हा थिएटरमध्ये नेऊन त्याच चार परीक्षा घेतात. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा नेतायत म्हणजे पहिल्यांदा काही चुकलं असा अर्थ नसतो. जगू शकणारं मांस वाचवायचं तर काम असंच टप्प्याटप्प्याने करावं लागतं.